वरचं १३८, खालचं ८८: तिशीच्या आतल्यांनी आता काय करायचं

तिशीच्या आतलं कुणी बीपी तपासायला म्हणून मुद्दाम येत नाही. ते भलत्याच कामात सापडतं. रक्तदान शिबिरात, कंपनीच्या मेडिकलला, विमा काढताना, अक्कलदाढ काढायला गेल्यावर. कुणीतरी दंडाला पट्टा गुंडाळतं, मशीन घरघरतं, १३८/८८ असा काहीतरी आकडा येतो आणि "थोडं जास्त आहे, लक्ष ठेवा" म्हणत पुढच्याला हाक जाते. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला त्या रांगेत कुणाला सवड नसते. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि दोन तासांत माणूस किडनी निकामी होण्यापर्यंत जाऊन पोचतो.

माझा भाचा असाच पोचला होता. तो हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर शिफ्ट करतो, मी मिरजेत ओपीडीत सिस्टर आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टे बांधणं हेच माझं काम, त्यामुळे त्याचा पहिला फोटो मलाच आला. मशीनचा फोटो आणि खाली "मावशी, हे काय गं?" त्याला पुढे फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगत गेले, ते इथे सलग लिहितेय. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली घ्यायची ते मी सांगणार नाही. पण गोळीचा प्रश्न येण्याआधी करायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि मुलं त्या उलट्या क्रमानं करतात. आधी मीठ बंद, मग इंटरनेट, मग उपाशीपोटी लसूण, आणि बीपी नीट मोजणं सगळ्यात शेवटी.

घाईची गोष्ट आधी

आकडा १८०/१२० किंवा त्याच्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही असेल, तर हा लेख बंद करा आणि १०८ ला फोन लावा. आकडा तेवढाच आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल तर १४०/९० लाच डॉक्टरांना फोन करायचा, थांबायचं नाही.

बाकीच्यांनी, म्हणजे १३०-१४० च्या आसपास घुटमळणाऱ्यांनी, आज रात्री निवांत झोपायला हरकत नाही. तुमच्याकडे वेळ आहे. मात्र तो वेळ मोजण्यात घालवा, काळजीत नको.

मशीन कसं घ्यायचं

दंडाला बांधायचं, बटण दाबलं की आपोआप फुगणारं मशीन घ्या. दीड ते तीन हजारांत चांगलं मिळतं. मनगटावरची मशीन नको, कारण मनगट हृदयाच्या पातळीला आलं नाही की आकडा भरकटतो. घड्याळात बीपी दिसतं म्हणून त्यावर विसंबू नका. पावलं मोजायला ते घड्याळ ठीक आहे. मॉडेल तपासलेलं आहे का, ते 'स्ट्राइड बीपी' या वेबसाइटवरच्या यादीत नाव टाकून बघता येतं.

दुकानात जायच्या आधी शिंप्याची टेप घ्या आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा साधा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराचा असतो. तालमीतल्या पोरांचे दंड ३५-३६ चे असतात, त्यांना तो लहान पडतो, आणि लहान पट्टा आकडा चढवून दाखवतो. तो किती चढवतो? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे पाहिलं गेलं आणि २०२३ मध्ये छापून आलं: ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी २० च्या आसपास जास्त आला. म्हणजे १२० चं बीपी असलेला मुलगा पट्ट्यापायी १४० चा पेशंट. पट्ट्यावर सेंटीमीटर छापलेले असतात, ते वाचा. दंड मोठा असेल तर २२ ते ४२ चा किंवा मोठा पट्टा मागून घ्या.

मोजायचं कसं

इथे जरा वेळ काढणार आहे, कारण सगळा खेळ इथे आहे.

आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, तंबाखू, जिने चढणं, व्यायाम, काहीही नाही. लघवीला जाऊन या. हे सांगितलं की मुलं हसतात, पण तुंबलेल्या लघवीनं बीपी चढतं आणि ओपीडीच्या रांगेत अर्धी माणसं तशीच बसलेली असतात.

सोफा नको. जेवणाच्या टेबलाची, सरळ पाठीची खुर्ची घ्या. पाठ टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पायावर पाय नाही. उंची कमी असेल आणि पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा.

शर्टाची बाही वर सरकवू नका. बाही वर गोळा होऊन दंडाला आवळते आणि पट्ट्याच्या वर दुसरा पट्टा तयार होतो. त्या हाताची बाही काढूनच टाका. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून साधारण दोन बोटं वर. पट्ट्यावर बाण किंवा खूण असते, ती कोपराच्या आतल्या अंगाला, जिथे नाडी लागते त्या रेषेत. पट्टा आणि दंड यांच्यात दोन बोटं जेमतेम जावीत इतका घट्ट.

आता हात. हात टेबलावर टेकलेला हवा आणि पट्टा हृदयाच्या उंचीला. टेबल खाली पडत असेल तर हाताखाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा. माझ्या भाच्याच्या दुसऱ्या फोटोत मशीन गादीवर होतं, तो मांडी घालून बसलेला आणि हात मांडीवर. त्याच जॉन्स हॉपकिन्सनं २०२४ मध्ये हेही मोजून छापलं: हात मांडीवर ठेवला तर दोन्ही आकडे सुमारे ४ नं जास्त येतात, आणि नुसता बाजूला लोंबत ठेवला तर वरचा साडेसहानं. १३८ मधून एवढं वजा केलं तरी चित्र पालटतं.

असं बसून झाल्यावर पाच मिनिटं काहीही करायचं नाही. मोबाइल उलटा, टीव्ही बंद. क्रिकेट बघत मोजलेलं बीपी हे त्या मॅचचं बीपी. मग बटण दाबा. मशीन चालू असताना बोलायचं नाही, "आई, किती आलं बघ" हेसुद्धा नाही. एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

हे सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी उठून तोंड धुऊन, चहा-नाश्त्याच्या आधी. संध्याकाळी जेवणाच्या आधी. शिफ्टवाल्यांनी आपली सकाळ-संध्याकाळ धरायची, घड्याळाची नाही. असं सात दिवस. पहिल्या दिवशी हात त्या कामाला सरावलेला नसतो, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात धरायचे नाहीत. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस वरचे आकडे मिळवून भागाकार करा, चोवीस खालच्यांचाही करा. ही सरासरी म्हणजे तुमचं बीपी. शिबिरातला आकडा आता विसरला तरी चालेल.

दोन पथ्यं पाळा. जास्त आलेला आकडा "हा चुकीचा दिसतोय" म्हणून गाळायचा नाही आणि कमी येईपर्यंत पुनःपुन्हा मोजायचं नाही. एका बैठकीला दोनदा, दिवसाला दोन बैठका, बास. भाच्यानं एका रात्री इतक्या वेळा मोजलं की दंडावर वळ उठले, आणि आकडा प्रत्येक वेळी चढतच गेला. चढणारच! धडधडत्या छातीनं मोजलं की मशीन धडधडच दाखवतं. त्याला सांगितलं, मशीन कपाटात ठेव आणि किल्ली रूममेटकडे दे.

सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजून बघा. पाच-सातचा फरक चालतो. ज्या हातावर जास्त येतं तोच हात कायम धरा. फरक वारंवार १५ च्या पुढे येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

आकडा वाचायचा कसा

इंटरनेटवर घोळ होतो तो इथे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये रेषा खाली आणली, तेव्हापासून तिकडे १३०/८० पासूनच हायपरटेन्शनचं नाव लावतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर दवाखान्यातल्या १४०/९० ला रेषा धरतात. म्हणजे १३४/८४ चा मुलगा एका वेबसाइटवर पेशंट आणि दुसरीवर धडधाकट. दोन्हीकडचे डॉक्टर शहाणेच आहेत, आणि या मधल्या पट्ट्यातल्या तरुणाला सल्ला दोन्हीकडे जवळपास एकच मिळतो: आधी राहणी बदला, मग पुन्हा मोजा.

घरी माणूस निवांत असतो म्हणून घरच्या सरासरीची रेषा थोडी खाली, १३५/८५. तेवढी किंवा त्याच्या वर सरासरी आली तर डॉक्टरांकडे जायचंच. १२०/८० च्या खाली असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघा. या दोहोंच्या मध्ये असाल, तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

दवाखान्यात जास्त आणि घरी बरोबर, असं पुष्कळांचं असतं. पांढरा कोट बघून चढणारं हे बीपी. त्यांना लगेच गोळी लागत नाही, पण त्यांनी दरवर्षी घरी आठवडाभर मोजत राहावं, कारण यातल्या काहींचं पुढे खरंच वाढतं. याच्या उलटही असतं: डॉक्टरांसमोर १२४, आणि कामाच्या दिवशी घरी १४०. सिगारेट ओढणारे, झोप मोडणारे, ताणाच्या नोकरीतले असे सापडतात. म्हणूनच घरचा आठवडा सगळ्यांनी करावा.

भाच्याच्या कंपनीत १४२/९२ आलं होतं, घरच्या आठवड्याची सरासरी १२८/८२ निघाली. तो म्हणाला, "म्हणजे मला काही नाही?" तसंही नाही. चाळीस ते सत्तर या वयाच्या लोकांत, वरचा आकडा ११५ पासून पुढे दर २० नं वाढला की हृदयविकारानं आणि पक्षाघातानं मरण्याचा धोका दुप्पट होत जातो, हे लाखो लोकांच्या नोंदींवरून २००२ मध्येच दिसलंय. धोका १४० ला एकदम सुरू होत नाही, तो हळूहळू चढत येतो. पंचविशीत १२८ असलेला माणूस काहीच न करता पन्नाशीत कुठे असेल, याचा अंदाज त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या ताईकडे बघून आला. ती चाळिशीपासून गोळीवर आहे.

आणि हो, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही म्हणजे बीपी नाही, असं धरून चालू नका. १६० घेऊन हसतखेळत बस चालवणारी माणसं मी रोज बघते. बीपी अंगाला कळत नाही, पट्ट्यालाच कळतं.

मीठ

"मी वरून मीठ घेतच नाही" हे मला रोज ऐकू येतं. त्यामुळे मी आता वेगळा प्रश्न विचारते: एक किलोचा पुडा तुमच्याकडे किती दिवस पुरतो?

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, एवढीच मुभा जागतिक आरोग्य संघटना देते. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चौघांत तो महिन्यात संपला तर माणशी ८ ग्रॅमच्या वर झालं, आणि यात लोणचं, पापड, पाव, बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. लोणची घालायच्या महिन्यात हा हिशेब लागू नाही, एवढं मात्र खरं.

आपल्या जेवणात भाजी-आमटीपेक्षा ताटाची डावी बाजू घात करते. लोणच्याची फोड, पापड, सांडगी मिरची, ठेचा, आणि वर कोपऱ्यात वाढलेलं मीठ. पापडात मीठ तर असतंच, पापडखारही सोडियमचाच. मग संध्याकाळचं भडंग, फरसाण, खारे दाणे. मिसळीत रस्सा खारट, वर फरसाण खारट, सोबत पाव. पावाला आपण खारट म्हणत नाही, पण मीठ त्यातही आहे. कोकणातल्यांनी सुकट आणि खारवलेल्या मासळीचा हिशेब धरावा. त्यापुढे ज्वारीची भाकरी बघा: बहुतेक घरांत ती मिठाशिवायच थापतात. दोन पाव काढून एक भाकरी घातली की काहीच न सोडता थोडं मीठ गेलं.

पुण्यात एकटं राहणाऱ्यांची अडचण वेगळी, मीठ दुसऱ्याच्या हातात असतं. मेसच्या काकूंना "आमटीत मीठ कमी घाला" म्हणून उपयोग नाही, पंधरा जण जेवतात. पण लोणचं-पापड परत पाठवता येतं, ताक बिनमिठाचं मागता येतं, आणि रात्री दोन वाजता नूडल्सचं पाकीट फोडलं तर मसाल्याची पुडी अर्धीच घालता येते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणा म्हणजे मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. किती ग्रॅमच्या मागे लिहिलंय तेही बघा, तिथेच फसवणूक होते.

सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ यांनी बीपीला फरक पडत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा बीपीची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचं नाही. घरात आजोबांना किडनीचा त्रास असेल तर तो डबा स्वयंपाकघरात आणूच नका, चुकून सगळ्यांच्या आमटीत पडतो.

मीठ कमी केलं की पंधरवडाभर सगळं अळणी लागतं. मग जीभ रुळते. तोवर लिंबू, कोकम, आलं-लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. आणि जेवढं मीठ काढाल तेवढी फळं-पालेभाज्या-कडधान्यं घाला: मेथी, चाकवत, मटकी, केळं, पेरू, शहाळं. १९९७ मध्ये अमेरिकेत असाच, फळं-भाज्या-कमी सायीचं दूध असा आहार देऊन बघितला, तर नुसत्या खाण्यानं आठवड्यांत बीपी उतरलं. आपल्या आजीचं ताट त्याच्याशी बरंच जुळतं, फक्त लोणच्याची बरणी लांब ठेवायची.

बाकीचं पटापट

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकनं उतरतो. पाच किलोंना पाच, आणि पोटाचा घेर कमी होतो तो वेगळा. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं पुरतं. जिम चालू असेल तर चालू ठेवा, फक्त जड वजन उचलताना श्वास कोंडू नका.

घोरण्याकडे लक्ष द्या. रूममेट म्हणत असेल की तू घोरतोस आणि मध्येच श्वास थांबतो, सकाळी डोकं जड असतं, दुपारी झोप आवरत नाही, तर बीपीचं मूळ तिथे असू शकतं. हे मुलं स्वतःहून कधी सांगत नाहीत. दारू, सिगारेट, गायछाप, मावा यांवर वेगळं प्रवचन देत नाही. शनिवारी रात्री दारू झाली असेल तर रविवारचा आकडा बघा, तोच बोलेल.

मन सतत बीपीभोवतीच फिरत असेल, झोप उडाली असेल, तर त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्ही काय काय घेता?

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, चूर्णं टेबलावर मांडा. तरुणांत अर्धी उत्तरं इथेच मिळतात. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढवतात. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही. गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींचं वाढतं. त्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून पर्याय विचारायचा. जिमच्या आधी घ्यायच्या पावडरी आणि एनर्जी ड्रिंक म्हणजे बहुतांशी कॅफिन. कुठल्याशा वैदूच्या पुडीत स्टेरॉइड निघाल्याचंही आम्ही पाहिलंय.

ज्येष्ठमधाचं अनेकांना आश्चर्य वाटतं. घसा बसतो म्हणून गाणारी मंडळी, शिक्षिका रोज काडी चघळतात. कधीतरी ठीक, पण रोज जास्त प्रमाणात घेतलं तर ज्येष्ठमध अंगात पाणी-मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि बीपी वाढवतं.

आणि सर्पगंधा. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून कुणी दिली तर हे लक्षात असू द्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेनं बीपी उतरतं हे पेशंटांवर पाहून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे बघायला लागले. आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण तिच्यातलं रेसरपिन घेणाऱ्या काहींना खोल नैराश्य आलं, त्याहून चांगली औषधं आली आणि ती मागे पडली. उतरवण्याची ताकद आहे म्हणजे बिघडवण्याचीही आहे. मनानं ती घ्यायची नाही.

डॉक्टरांकडे

वहीचं ते पान घेऊन जा: तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी, आणि खाली सरासरी. मशीनही पिशवीत टाका, त्यांच्या मशीनशेजारी एकदा ताडून घेता येतं. पान घेऊन येणाऱ्या मुलाशी डॉक्टर वेगळं बोलतात, हे मी दाराशी उभी राहून बघते.

चाळिशीच्या आत बीपी खरंच रेषेच्या वर टिकून असेल तर त्याला कारण शोधावं लागतं. पन्नाशीत बहुतेकांना वेगळं कारण सापडत नाही, विशी-तिशीत ते सापडण्याची शक्यता जास्त. किडनी, तिच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, किडनीच्या वर असलेल्या अड्रिनल ग्रंथी, जन्मतः अरुंद राहिलेली महाधमनी. म्हणून लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि ईसीजी एवढं सहसा सांगतात. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगायच्या गोष्टी अशा: लघवीला फेस येतो का, सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, अचानक घाम-डोकेदुखी-धडधड असे झटके येतात का, पायांवर बीपी किंवा नाडी हातापेक्षा कमी लागते असं कधी कुणी म्हटलंय का, घरात लहान वयात पक्षाघात किंवा किडनीचा आजार कुणाला झालाय. तरुण मुलींच्या बाबतीत एका मनगटाची नाडी क्षीण लागत असेल तर ते फार महत्त्वाचं असतं.

गोळी सुरू झालीच तर "एकदा लागली की जन्माची" या भीतीनं टाळू नका. वजन उतरून, मीठ-घोरणं सुधारून काहींची गोळी कमी होते, काहींची बंदही होते. ते डॉक्टर ठरवतात, आपण नाही. पायांना सूज किंवा सुका खोकला आला तर गोळी बदलता येते, तेवढ्यासाठी सोडायची नाही. लग्न झालेल्या, बाळाचा विचार असलेल्या मुलींनी पहिल्याच भेटीत ते सांगावं, कारण नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

भाच्याला गोळी लागली नाही. तीन महिन्यांनी त्यानं पुन्हा आठवडा काढला, तर वरचा आकडा १२२ वर आला, खालचा मात्र ८१ लाच चिकटून बसलाय. रात्रपाळी सुटत नाही तोवर तो तसाच राहील, असा माझा अंदाज. डॉक्टर म्हणाले, चालू ठेव, सहा महिन्यांनी ये. पुढचा आठवडा दिवाळीत घे म्हणून मी त्याला सांगितलंय. फराळाचे डबे संपल्यावर नाही, चकली-चिवडा चालू असतानाच.